भुऱ्यानं अंग झाडलं

आमच्या गावात मातामायपुढं बोकड उभा केला का त्याच्या पाठीवर लोटाभर पाणी टाकतात. पाणी पडलं का बोकड अंग झाडते. अंग झाडलं का समजायचं, मातेनं घेतला आणि बोकडानं बी हौ म्हटलं. नाही झाडलं तं सुरी उचलता येत नाही, असा रिवाज हाये. आता थंड पाणी पाठीवर पडल्यावर कोणाचं अंग शहारत नाही, सांगा. याले काय बोकडाची मर्जी म्हणायचं? मी नवी सून होती तेव्हाच हे बोलली होती, आणि सासूनं मले चुलीपुढून उठवून अंगणात बसवलं होतं. तोंड माझं पहिल्यापासून असंच हाये.

मी चंद्रकांता. करडीच्या अलीकडं, तलावाच्या पाळीले लागून आमचं गाव. आम्ही ढिवर लोकं, तलावात जाळं टाकाचं आणि बाजाराच्या दिवशी मासोळीची टोपली घेऊन बसाचं. माझा माणूस लिलाधर, त्याले जाऊन बारा वर्सं झाली. तो दुखण्यात होता तेव्हा तुमसरचे एक म्हातारे पाळक घरी येऊन त्याच्यासाठी प्रार्थना करत. माणूस काही वाचला नाही. पण शेवटच्या आठ दिवसांत त्याची तगमग थांबली, माझ्याकडं पाहून हासला बी. तेव्हा मीनं येशूचा हात धरला तो धरला. बाप्तिस्मा घेतला. दर रविवारी काळीपिवळीत बसून तुमसरले जाते, राइस मिलच्या मागच्या एका खोलीत आमची पंधरा-वीस माणसांची मंडळी भरते. गावात मी एकटीच. लोकं म्हणतात, चंद्राबाई ना घर की ना घाट की. म्हणा बापा, तुमचं तोंड, तुमची जीभ.

माझा दीर तुलाराम आणि जाऊ जिजा, या दोघांनी मात्र मले कधी वेगळं पाडलं नाही. एकच अंगण, दोन चुली. मले लेकरू झालं नाही. त्यायले एकच, रिंकू. ती माझ्याच कडेवर मोठी झाली, आणि मले मोठीमाय म्हणते. आता एकोणीस वर्सांची हाये, नर्सिंगले जायाचं म्हणते. या जगात माझा जीव कुठं अडकला असन तं त्या पोट्टीत. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजाले सोपं जाईन.

भुऱ्या आमच्याच शेळीचा. मागच्या आषाढात तो जन्मला आणि त्याच दिवशी त्याची माय गेली. रिंकूनं आणि मीनं त्याले बाटलीनं दूध पाजून जगवलं. चुलीजवळच्या पोत्यावर निजे आणि सकाळी उठाचं नाव नाही. हलवून पाहा, वरडून पाहा, ढिम्म. एक दिवस मी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि हळूच फुंकर मारली. तसा तो डोक्यापासून शेपटीपर्यंत असा झडझडला का पोतं बी घसरलं. रिंकू हासून हासून लोळली. तेव्हापासून भुऱ्याले उठवायचं म्हणजे कानात फुंकर. पाण्याचं मात्र त्याले काहीच वाटत नसे. मी तलावावर जाळं धुवाले गेली का मागं मागं येऊन पोटाइतक्या पाण्यात उभा राहे, म्हशीवानी. शेजारची मंगलाबाई मले चिडवे, 'बकरे की मां कब तक खैर मनायेगी, चंद्रा?' मी म्हणे, 'तुझ्या घरी पावणा आला तं तुझी कोंबडी काप, माझ्या बोकडाकडं पाहू नको.'

मंग कार्तिकात रिंकूले दुखणं उठलं. पोट्टीले लहानपणापासून सिकलसेल हाये. हातपाय दुखायचे, चार दिवस निजायची, उठायची. त्या बारीले दुखणं छातीत गेलं आणि दम लागला. भंडाऱ्याले दवाखान्यात नेलं. तीन बाटल्या रक्त चढवलं. डॉक्टरीणबाई चांगली होती, तिनं लपवलं नाही, दोन-तीन दिवस कठीण हायेत म्हणाली. ते तिन्ही दिवस मी प्रार्थना केली. व्हरांड्यात केली, पायरीवर केली, पोट्टीच्या उशाशी केली. वरून काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पोट्टीचे ओठ निळे पडले, आणि तुलाराम भिंतीले डोकं लावून 'माते, माते' करू लागला. तेव्हा मी, बाप्तिस्मा घेतलेली, मंडळीत पुढच्या चटईवर बसून गाणारी, मी दोन्ही हात जोडले आणि मोठ्यानं म्हटलं, 'मातामाय, पोट्टी वाचव. माझा भुऱ्या तुले.'

कोणी मले म्हण म्हटलं नव्हतं. तुलारामच्या मनात बोकड बी नव्हता. माझ्याच तोंडातून निघालं.

संध्याकाळी रिंकूनं पाणी मागतलं. आठ दिवसांनी घरी आली. तिले कोणी वाचवलं हे मले विचारू नका. रक्तानं वाचवलं, डॉक्टरीणबाईनं वाचवलं, येशूनं का मातेनं, मीनं दोन दारांत हात पसरला होता आणि कोणत्या दारातून पडलं ते मले दिसलं नाही. मंडळीत मीनं तोंड उघडलं नाही. आमचे नवे पाळक भूपेंद्र विचारत, 'बाई, मुलगी बरी आहे ना? देवाची स्तुती असो.' मी खाली पाहून 'असो' म्हणे.

कबूल केलं ते फेडायचं चैतात, असं तुलारामनं ठरवलं. रिंकू शिकाले जायाच्या आधी मातेचं देणं नको राहाले. मंगळवार धरला. नेमका तो आमचा दुःखसहनाचा आठवडा, येशू क्रुसावर गेला तो. त्याच्या आदल्या रविवारी, हातात झावळ्या घेऊन गातो त्या दिवशी, भूपेंद्र पाळक शेवटच्या जेवणाचं सांगून राहिले होते. येशू जेवाले बसला तेव्हा त्याले सगळं ठाऊक होतं, शेकडो वर्सं आधी संदेष्टे सांगून गेले होते का याच्या भाकरीतली भाकर खाणाराच याच्यावर उलटन. तरी त्यानं आपल्या त्या चेल्याले, यहूदाले, जवळ बसवलं, घास दिला. हे आयकता आयकता माझं डोकं असं तापलं का मी मधातच उठून उभी राहिली.

'पाळकसाहेब,' मी म्हटलं, 'हे आधीच लिहून ठेवलं होतं तं त्या यहूदाचा काय दोष? त्यानं नसतं केलं तं तुमचं तारण कुठून आलं असतं? त्याले उगाच दोन हजार वर्सं शिव्या देऊन राहिले लोकं.'

मंडळी माझ्याकडं पाहू लागली. पाळक तिशीतला पोरगा, पण हासला नाही का रागावला नाही. 'बाई, काय लिहिलंय हे यहूदाला माहीत नसेल,' तो म्हणाला. 'पण आपण काय करतोय हे त्याला माहीत होतं. त्याने शिपायांना ओळख पटवायला येशूचा मुका घेतला. आणि ज्याला सगळंच माहीत होतं तो पळाला नाही, त्याने गाल पुढे केला.'

'गाल पुढं केला हे त्याचं मोठेपण,' मी म्हटलं. 'मी त्या दुसऱ्याचं विचारून राहिली.'

'त्या दुसऱ्याचं कोणालाच नीट सांगता येत नाही,' पाळक म्हणाला, आणि मले बसा म्हटलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. मी खाली बसली, पण त्या दिवशी माझ्या गळ्यातून गाणं निघालं नाही.

मंगळवारी सकाळी जिजानं भुऱ्याले हळद लावली, गळ्यात झेंडूचा हार घातला. हार तो खाऊन टाकाले पाहे. तुलारामनं दोरी ओढली, तर चारही पाय रोवून उभा. जिजा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, 'बाई, तुमच्या धर्मात चालत नसन तं तुम्ही नका येऊ. आम्ही काही मनात आणणार नाही.'

'मी आली नाही तं तो बी येणार नाही,' मी म्हटलं. मी पुढं चालू लागली, आणि दोरी सोडली तशी तो माझ्यामागं निघाला. सगळ्या गल्लीतून आला, माझ्या पदराले नाक लावून. लोकं म्हणाले, किती गुणाचा हाये. मीनं मागं पाह्यलं नाही.

मातामायचं ठाणं कडूनिंबाखाली. वीस-पंचवीस लोकं जमले होते, डफडं होतं. पुजारी यादोरावनं मंत्र म्हटला, तांदूळ टाकले, आणि भुऱ्याच्या पाठीवर लोटा उलटा केला. भुऱ्या उभा. पाणी पोटाखालून निथळलं आणि तो झेंडूचं फूल चावत राहिला. यादोरावनं दुसरा लोटा टाकला, तिसरा टाकला. मंगलाबाई घरी जाऊन फ्रिजमधली बरफाच्या पाण्याची बाटली घेऊन आली, ती टाकली. काही जण हासले. मंग कोणी हासेना. ऊन चढलं, बाया सावलीत सरकल्या, डफडेवाला डफडं तापवून तापवून थकला. घंटाभर तो बोकड तसाच उभा, जसा काही तलावात उभा हाये.

यादोरावनं लोटा खाली ठेवला. 'मातेले मंजूर नाही,' तो म्हणाला. 'कोणाच्या तरी मनात खोट हाये.'

आता गावात खोट कोणाच्या मनात असणार? सगळे माझ्याकडं पाहू लागले. एरवी कोणी असं पाह्यलं असतं तं मीनं त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. त्या दिवशी बोलली नाही, कारण खोट होती. भुऱ्या पाण्यानं हलणार नाही हे मले ठाऊक होतं, आणि मी घरून निघाली तेव्हाच मनात धरून होती का हलला नाही तं यादोराव परत ने म्हणन. तेवढ्या आशेवर मी त्याले तिथवर आणला होता.

पण मीनं तुलारामचं तोंड पाह्यलं. दवाखान्यातल्या भिंतीजवळ होतं तसंच झालं होतं. जिजानं रिंकूचा दंड असा धरला होता, जसं काही पोट्टीले आत्ताच कोणी ओढून नेईन. आणि रिंकू झाडाले टेकून उभी, डोळे मिटलेले, ओठ हलून राहिले. मले वाटलं, भ्याली लेकरू. आता घरी गेल्यावर या पोट्टीले साधा ताप आला तरी तीन माणसं म्हणणार, माता रुसली. तिचं दुखणं तं येणारच हाये, ते रक्तातच हाये. आणि दर दुखण्याले हा दिवस आठवणार.

तुलाराम माझ्याजवळ आला. 'वैनी,' तो म्हणाला, 'कबूल तुम्ही केलता. आता तुम्हीच त्याले सांगा. माझी पोट्टी हाये ते.' आणि त्यानं खाली वाकून माझ्या पायाले हात लावला.

मले मातेची भीती वाटत नव्हती, असं मी इतके दिवस म्हणत आली. खोटं हाये. त्या घडीले मले सगळ्यांची भीती वाटली. मातेची, येशूची, रक्ताची. मी गेली. भुऱ्यानं मले पाह्यलं आणि मान लांब करून कान माझ्याकडं केला, रोज करे तसा. मीनं त्याच्या गळ्यात हात टाकला. लोकायले वाटलं, मी त्याचा शेवटचा मुका घेऊन राहिली, एक-दोन बायांनी डोळ्याले पदर बी लावला. मीनं त्याच्या कानात हळूच फुंकर मारली.

भुऱ्यानं अंग झाडलं. असं झाडलं का यादोरावच्या धोतरावर पाणी उडालं. 'घेतला, मातेनं घेतला,' लोकं वरडले, आणि डफडं सुरू झालं. मी पाठ फिरवून चालू लागली. भुऱ्याले वाटलं असन, सकाळ झाली.

घरी न जाता मी तलावाच्या पाळीवर जाऊन बसली. पाळकाचं बोलणं डोक्यात फिरून राहिलं होतं. येशूले ठाऊक होतं. तो आपल्या मनानं गेला, कोणी त्याच्यावर पाणी टाकून हौ म्हणवलं नाही. म्हणून त्याच्या मरणाले अर्पण म्हणतात. भुऱ्याले काय ठाऊक होतं? मीनं विश्वासातल्या जिवाले दगा दिला, आणि वर त्याची मर्जी होती असं गावाले दाखवलं. मी रडली. लिलाधर गेला तेव्हा रडली नव्हती एवढी रडली.

चार वाजता जेवणं चालू झाली, ठाण्याकडून भांड्यांचा आवाज येऊ लागला. रिंकू मले शोधत आली आणि बाजूले बसली. तिच्या हातात ताट नव्हतं.

'जेवली काय?' मी विचारलं.

'नाही.'  ती म्हणाली, 'मोठीमाय, मले दिसलं. फुंकर.'

 भुऱ्याच्या तोंडात दुधाची बाटली धरणारी बी तीच होती, तिले नाही दिसणार तं कोणाले.

'मी बी मातेले काही म्हटलं होतं,' ती म्हणाली. 'तिथं उभी राहून म्हणूनच राहिली होती. का मले तूच वाचवलं असन, मी मानते. पण मले रक्त लागलं ते मिळालं, तीन बाटल्या, कोणाकोणाचं ते मले ठाऊक बी नाही. आता आणखी कोणाचं कायले? तुले हा नको असन तं याले हलू देऊ नको.'

'तुले तं ठाऊक होतं, पाण्यानं तो हलत नाही.'

'हौ, ठाऊक होतं. तरी बरफाच्या पाण्यानं बी नाही हलला तेव्हा मले वाटलं, आयकलं मातेनं. मले फुकटात सोडलं.' ती साधं सांगितल्यावानी सांगत होती. 'मंग तुम्ही आल्या.'

माझ्या छातीत कोणी मुसळ मारलं असतं तं बरं झालं असतं. बारा वर्सं मी गाऊन राहिली का रक्त एकदाच सांडलं, येशूनं आपल्या खुशीनं सांडलं, आता कोणाचं लागत नाही. मी गातच राहिली. आणि ही पोट्टी, जिनं आमच्या मंडळीत कधी पाय ठेवला नाही, ती त्या झाडाले टेकून तेच मागून राहिली होती, आणि तिले ते मिळत आलं होतं. ते मी तिच्या हातातून काढून घेतलं. तिच्याचसाठी.

'मले माफ कर,' मी म्हटलं.

'तुम्ही माझ्यासाठीच केलं ना,' रिंकू म्हणाली. हे तिनं नसतं म्हटलं तं चाललं असतं.

'तुझ्या बाबाले जाऊन सांगू काय? सगळ्यांसमोर सांगते. मारतील तं मारतील.'

'नको. बाबा किती दिवसांनी पोटभर जेवून राहिले. आई बी हासून राहिली. त्यायले राहू द्या तसंच. मी काही सांगणार नाही.' ती माझ्याकडं वळली. 'पण तुम्ही मले एक कबूल करा.'

'बोल.'

'पुढच्या बारीले मले काही झालं तं कोणाचा जीव कोणाले कबूल करू नका. मातेले नाही, तुमच्या येशूले बी नाही. मी राहिली तं राहिली, गेली तं गेली. मले असं दुसऱ्याच्या जिवावर जगवू नका, मोठीमाय. मले ते घेऊन जगता येत नाही.' तिनं माझा हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. 'असं म्हणा.'

तिचे केस उन्हानं गरम झाले होते. खाली कपाळाची शीर उडत होती ती माझ्या बोटाले लागत होती. एकोणीस वर्सांची पोट्टी. पुढची बारी येणार हे तिले ठाऊक होतं, मले बी ठाऊक होतं, आणि तिचा आवाज इतका शांत होता का मले त्याचंच भ्या वाटलं.

'हौ,' मी म्हटलं. 'कबूल.'

तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. आमच्या काळ्या शेळीले चार दिवसांपूर्वी दोन पिल्लं झाले होते. रिंकूच्या डोक्यावर हात ठेवून कबूल म्हणता म्हणता, त्यातला बोकड कोणता, ते मी आठवून राहिली होती.